जिन्याची खुर्ची

वर्कशॉपमध्ये लाकडाच्या भुशाचा वास आला की मला ती खुर्ची आठवते. मी शिकवते त्या डिझाइन कॉलेजच्या तोंडी परीक्षेला लोअर परळच्या एका मुलीने ती आणली होती. पाय गेलेल्या वडिलांना चाळीच्या जिन्यावरून खाली आणता यावं म्हणून तिने झिजलेली पायरी न् पायरी मोजून ती बेतली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “वापरून पाहिली?” “नाही सर. पूर्ण व्हायच्या आधीच चाळ पाडली. आता तात्पुरते राहतो त्या ट्रान्झिट कॅम्पच्या जिन्यात ही वळत नाही.” त्यांनी गुणांच्या तक्त्यात ‘चाचणी’समोर शून्य लिहिलं. नियम तसाच होता. दाराबाहेर मी विचारलं, “बाबा कसे आहेत?” खुर्चीचा पट्टा गुंडाळत ती म्हणाली, “वरच्या खोलीतच आहेत, मॅडम.” दर वर्षी तोच तक्ता येतो, आणि मुलं किती शिकली ते मी त्यात आकड्यांनी भरते.