भरे गावच्या बबनरावांची काच

"ताई, ह्ये गेलं…" सहा आठवड्यांपूर्वी बबनरावांच्या पत्नीचा, वहिनींचा फोन आला, तेव्हा आमचं यंत्र चालू होतं. ते मी बंद केलं नाही. बबनरावांनी करू दिलं नसतं.

भरे गावातली भातशेती सांभाळून ते पिरंगुटजवळच्या माझ्या छोट्या कारखान्यात यंत्र चालवत. मोबाईलच्या, मीटरच्या पडद्यांसाठी काचेवर धातूचा पारदर्शक थर चढवणं हे आमचं काम. पेटीतली हवा उपसायची, आर्गन वायूच्या माऱ्याने धातूच्या तबकडीवरचे कण उडवायचे आणि काचेवर बसू द्यायचे. सरळ पाहिलं तर थर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पडदा उजळत नाही. अशी काच आमच्या मुळशी तालुक्यात होईल यावर सुरुवातीला गिऱ्हाइकाचा विश्वास नव्हता. दोन नमुने बारीक छिद्रांपायी परत आले होते. तिसरा शेवटचा, तो नापास झाला की कारखान्याला कुलूप!

मी पदव्यांच्या जोरावर दाब बदलला, वीज बदलली, गॅसवाल्याशी भांडले. छिद्रं काही जाईनात. एका सकाळी बबनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, चूक माजी हाय. खंडेनवमीला म्या पेटीच्या दाराला हळदकुंकू वाहिलं, आतल्या कडंला बी. तवापासनंच ही भोकं पडत्यात."

ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. माझी मात्र चांगलीच जिरली, कारण त्या पूजेचा नारळ मीच फोडला होता.

दाराचं रबरी कडं काढलं तर खाली बोटाला लाल लागलं. दर वेळी दार उघडलं की ती पूड आत उडत होती. आम्ही दोघांनी दोन दिवस पेटी पुसली… आणि तिसरा नमुना पास झाला! बबनराव कारखान्याच्या अंगणात नाचले, मीही नाचले. आज आमची काच परदेशी जाते, हे सांगताना माझी मान ताठ होते. पुढच्या खंडेनवमीला पेटीला कुंकू का नाही म्हणून कुणी कुरकुरलं, तर ते म्हणाले, "देवीला बी सोच्छता लागती. फाटकाची पूजा करा."

परवा वहिनींना भेटायला गेले. त्यांनी देव्हारा दाखवला. देवांच्या रांगेत काचेचा एक तुकडा उभा, त्या तिसऱ्या नमुन्यातला.

"समद्या देवास्नी कुंकू लावते मी," वहिनी म्हणाल्या, "हिला मातर ह्यांनी कदी लावू दिलं न्हाई. म्हनायचं, हितं नगं गं, भोक पडंल."

आम्ही दोघी डोळे पुसत हसलो. मग मी काच दाराशी नेऊन उन्हात तिरपी धरली. एकही छिद्र नव्हतं.