खोली नंबर तीनचा विमा

कुबरा मुकादमला पनवेलात कुणी भांडखोर म्हणायचं, कुणी चक्रम. म्हणोत बापडे! बाई अस्सल होती, बाकी काही नाही.

कुवेतच्या लढाईत तिचा नि अब्दुलचा मांडलेला संसार आठवड्याभरात गेला. दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. अब्दुल कळंबोलीच्या लोखंडबाजारात कारकुनी करू लागला आणि कुबरानं बाळूशेठच्या चाळीत, खोली नंबर तीनमध्ये, शिवणाची तीन मशिनं लावली. होतं नव्हतं ते सगळं त्या मशिनांत. शेजारच्या गल्लीत वायर जळून एक दुकान खाक झालं, तसं तिनं ठरवलं, आता विमा उतरवायचाच.

एजंट सुशांत आला तो आयुर्विम्याचे गोडवे गात. "अब्दुलभाईंचा उतरवा ताई, म्हातारपणाची सोय!"

"माझा नवरा चांगला धडधाकट आहे. मला मशिनांचा पाहिजे. भिंती शेठच्या, त्यांचं ते बघतील. आतलं सगळं माझं."

सुशांतनं मुकाट्यानं दुसरा फॉर्म काढला. तेवढ्यात कुणकुण लागून बाळूशेठ दारात हजर! या माणसानं चार वर्षांत भाड्याची एक पावती दिली असेल तर शपथ. भाडेकरूच्या नावानं चाळीच्या पत्त्यावर एक कागद झाला, की उद्या तो कोर्टात दाखवणार आणि खोली कायमची हातची जाणार, ही त्याची धास्ती.

"पत्ता तुज्या म्हायेरचा घाल, उरनजवळच्या मोऱ्याचा," तो म्हणाला. "कोन बघतंय?"

"चालतं हो ताई, सगळे असंच करतात," सुशांतनं री ओढली.

कुबरा उसळलीच. "वा रे वा! मशिनं जळणार पनवेलात आणि विमा मोऱ्याचा? कंपनीचा साहेब तिथं जाऊन काय बघणार, माझ्या अम्मीची मच्छीची पाटी? असला कागद चुलीत घाला!"

"मंग म्हैनाअखेर खोली खाली कर. माज्या चाळीचा पत्ता कुठल्याच कागदावर नाय पायजे."

अब्दुलचा चेहरा खर्रकन उतरला. दिवसभर तीन मशिनं खडखडवणाऱ्या बाईला दुसरी खोली देणार कोण? "जाऊ दे ना कुबरा," तो पुटपुटला. कुबरानं एकदा मशिनांकडं पाहिलं.

"एकदा सगळं घालवून बसलोय, अब्दुल. आता नाही." तिनं सुशांतच्या हातातलं पेन ओढलं आणि पत्ता स्वतः लिहिला, ठसठशीत अक्षरात. खाली सही ठोकली.

मग मापांच्या वहीतला एक कोरा कागद टरकावून तिनं बाळूशेठपुढं धरला. "घ्या शेठ. खोली खाली करा म्हणून लिहून द्या. माझं नाव, खोलीचा नंबर, चार वर्षं राहते तेही. सही तुमची. कागद हातात पडू दे, लगेच निघते."

बाळूशेठनं तावातावानं पेन उचललं. 'कुबरा' एवढं लिहिलं आणि त्याचा हात थबकला. आपण काय लिहून देतोय ते आता कुठं त्याच्या डोक्यात शिरलं.

"लिहा ना," कुबरा म्हणाली. "थांबलात का?"

शेठनं कागदाचा बोळा करून खिशात कोंबला, चपला पायात सरकवल्या आणि चालता झाला.

कुबरानं फॉर्म सुशांतच्या हातात दिला. "आजच्या आज जमा कर. आणि कुणी विचारलंच तर सांग, मुकादम इथंच राहतात."