तिच्या खात्याचा नंबर

नोव्हेंबरचा पहिला सोमवार. रक्कम अकरा हजार आठशे, करासह. हजर: पतसंस्थेचे अध्यक्ष, सचिव, माझी बायको आणि मी. त्या तिघांची बैठक होती. मी तिचा घरी राहिलेला डबा द्यायला गेलो होतो आणि दारातच थांबलो.

ठरलं असं की नाशिकच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला संस्थेच्या खर्चाने तिला पाठवायचं. विषय तीन: डिजिटल सुरक्षा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संशयास्पद व्यवहारांवर देखरेख. तिथे जमलं तर पुढचा टप्पा, आणि तो झाला की जव्हार आणि मोखाडा या दोन्ही शाखांची देखरेख तिच्याकडे. पगारात वाढ.

सचिव मला म्हणाले, "भाऊ, आता जपून राहा. परत आल्यावर मॅडम आधी तुमचेच व्यवहार तपासणार."

"माझे व्यवहार बावीस वर्षं तिच्यासमोरच आहेत," मी म्हणालो. डबा टेबलावर ठेवला आणि निघालो.

मी जव्हारच्या बाजारातल्या दुकानांचे हिशेब लिहितो. पूर्वी सहा दुकानं होती. दोघांनी मोबाइलवर ॲप घेतलं, आता चार आहेत. नावे आणि जमा यातला फरक बायकोला मी शिकवला, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ बसून. त्याच जोरावर अकरा वर्षांपूर्वी ती पतसंस्थेत लागली. म्हणून त्या दिवशी मला जे वाटलं त्याला दुसरं नाव देत बसत नाही. मला तिचा हेवा वाटला. नवीन काही शिकवणार होते, आणि ते मला शिकवणार नव्हते. संध्याकाळी मी सचिवांना फोन करून विचारलंही, की स्वतःच्या खर्चाने मला येता येईल का. ते म्हणाले, "संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठीच आहे हो."

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. तिच्या खात्याशी जोडलेला नंबर बदलण्यात आला आहे.

हे खातं तिच्या पगाराचं. उघडलं तेव्हा तिच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून माझा नंबर दिला होता. नंतर तिने मोबाइल घेतला, पण नंबर माझाच राहिला. पगार जमा झाला की मेसेज मला यायचा आणि मी तिला सांगायचो, "झाला गं." विजेचं बिल, गॅस, मुलाच्या वसतिगृहाचे पैसे मीच त्या खात्यातून भरायचो. एका रुपयाचाही घोळ कधी झाला नाही.

मला वाटलं, कोणीतरी खातं लुटलं. घाईघाईने तिला फोन केला.

"अहो, घाबरू नका, मीच बदलला," ती म्हणाली. "सरांनी आज गृहपाठच दिला होता. आपलं खातं, आपला नंबर. आम्ही चौघी मिळून एटीएमला गेलो होतो."

मागे बायकांचे आवाज येत होते. कोणीतरी खूप हसत होती. मी म्हणालो, "बरं," आणि फोन ठेवला. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वसतिगृहाचा हप्ता भरायची शेवटची तारीख होती. चौदा हजार पाचशे. मी नेहमीप्रमाणे बसून सगळं भरलं आणि ओटीपीच्या रकान्याशी अडकलो. ओटीपी आता नाशकात जात होता. पुन्हा फोन केला.

"मेसेज आला असेल बघ. सहा आकडे आहेत, सांग."

पलीकडे वर्गाचा गलका ऐकू येत होता.

"अगं, सांग ना. वेळ संपेल."

"नाही सांगता येत."

"काय?"

"फोनवर ओटीपी सांगायचा नाही, अहो. कुणालाच."

"मी कुणी आहे का?"

तेवढ्यात मागून एका पुरुषाचा आवाज आला, "मॅडम, कोण मागतंय?" तिने सांगितलं, "मिस्टर." त्यावर सगळा वर्ग हसला. एक बाई ओरडली, "मिस्टरांना तर अजिबात नाही!" पुन्हा हशा. माझी बायकोसुद्धा हसली. तिचं हसू मला बावीस वर्षांच्या हसण्यांतून वेगळं काढता येतं, आणि त्या क्षणी ते मला अजिबात आवडलं नाही.

हप्ता तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतःच भरला. मुलाचा मला मेसेज आला, "फी मिळाली, आईला थँक्स सांगा."

तिसऱ्या दिवशी ती परत आली. प्रमाणपत्र, एक पिशवी, पेन, आणि मोबाइलवर नवा ग्रुप. दर थोड्या वेळाने तो वाजायचा. भाजी फोडणीला टाकता टाकता ती वाचायची आणि गालातल्या गालात हसायची. आणि बोलण्यात सारखं "सर म्हणाले". सर म्हणाले, पासवर्डमध्ये लग्नाची तारीख ठेवू नका. आमचा तोच होता. सर म्हणाले, यंत्राला आता कोणाचाही आवाज काढता येतो. त्यांनी वर्गात त्यांचाच आवाज यंत्राकडून काढून दाखवला होता, खोकल्यासकट.

"म्हणून तुम्हाला ओटीपी सांगितला नाही," ती म्हणाली. "तुमचा आवाज कोणीही काढू शकतं."

"माझा आवाज काढून कोणाला काय मिळणार?"

"माझा पगार."

"म्हणजे तू मला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं हो. पण हा नियम ओळखीच्या आवाजासाठीच आहे."

मी वरणात चमचा फिरवत बसलो. मग म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" तिने पोळी वाढली.

पुढचे दिवस मी वाईट वागलो. ओरडलो नाही, पण तिने काही सांगायला घेतलं की मी वर्तमानपत्र उघडायचो. पुढच्या टप्प्याचं तिने दोनदा विचारलं. खर्च सोळा हजार पाचशे वीस, निम्मे संस्थेचे आणि निम्मे तिचे. पाच दिवस नाशिक, आणि त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस मोखाडा. "बघू," मी म्हणालो. "घरचं बसवावं लागेल." घरात बसवायला काहीच नव्हतं. मुलगा ठाण्यात, आम्ही दोघंच. मला फक्त तो निर्णय माझ्या हातात हवा होता.

डिसेंबरात संस्थेच्या नव्या संगणक-प्रणालीने एक यादी काढली. एकाच मोबाइल नंबरावर सतरा खाती. असं दिसलं की खाती चोरीचे पैसे फिरवायला भाड्याने वापरली जात असावीत असा संशय घ्यायचा, असं तिला शिकवलं होतं. सतराही बायका जव्हार तालुक्यातल्या वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरच्या. त्या दिवशी संस्थेची गाडी नव्हती. मी म्हणालो, "मोटारसायकलवर सोडतो." मदत करावी हे खरंच होतं, आणि तिची चूक निघालेली बघावी हेही खरंच होतं.

रस्ता म्हणजे खडी आणि खड्डे. पाड्यावर नाचणीची मळणी संपत आली होती. नंबर दुकानदाराचा निघाला. छोटंसं दुकान, मीठ, तेल, बिस्किटं. बायकांनी खाती उघडली तेव्हा पाड्यावर मोबाइल त्याच्याकडेच होता. पैसे आले की मेसेज त्याला यायचा आणि तो घरोघरी जाऊन सांगायचा. बायकोने प्रत्येकीचं पासबुक पाहिलं. मीही मागून पाहिलं, कारण मला राहवत नाही. कुठेही एक रुपया कमी नव्हता.

माणूस माझ्याच वयाचा, नीट भांग पाडलेला. तो दुखावला होता. "म्याडम, इतकी वर्सं मी यांचं सांभाळलं. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

मी जमिनीकडे बघितलं.

बायको म्हणाली, "दादा, तुम्ही चोख आहात. पण आता यांच्या घरात मोबाइल आलेत. ज्याचं खातं त्याचा नंबर."

"मग मी काय परका झालो?"

मग एक म्हातारी, पायलीभर नाचणी सुपात घेऊन बसलेली, हसून म्हणाली, "बाय, ह्याला आमचा समदा ठावा. ह्याचा आमाला काय बी ठावा नाय."

सगळ्या बायका हसल्या. दुकानदारही कसनुसं हसला. मला मात्र पतसंस्थेच्या दारात मी सचिवांना म्हणालो होतो ते आठवलं, की माझे व्यवहार तिच्यासमोरच आहेत. माझ्या चार दुकानांकडून मला महिन्याला किती मिळतात, हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. चोरी नव्हती त्यात. तशी पद्धतच नव्हती.

दुपारपर्यंत तिने बारा जणींचे अर्ज भरून घेतले. पाच जणींच्या घरी अजून मोबाइल नव्हता. त्यांचा नंबर तिने दुकानदाराचाच ठेवला आणि तसं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. तो लगेच उठला आणि आमच्यासाठी चहा टाकला. तो पुन्हा माणसात आलेला बघून मला बरं वाटलं, आणि मग त्याचाही हेवा वाटला. त्याच्याकडे अजून पाच उरल्या होत्या.

परतताना जव्हारच्या अलीकडे, चढावर गाडी गरम झाली म्हणून थांबलो. मी म्हणालो, "तू जा पुढच्या टप्प्याला. ती जागा घे. माझी हरकत नाही."

ती हेल्मेट काढत म्हणाली, "मी हो सांगितलंय."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी. पैसेही भरले."

"मला मेसेज..." मी बोललो आणि थांबलो.

तिने पदराने घाम पुसला. "सांगणार होते. तुम्ही रोज पेपर उघडत होतात."

"आणि मी नाही म्हणालो असतो तर?"

"तर गेल्यावर रोज रात्री तुम्हाला फोन केला असता. तसाही करणारच आहे."

मी गाडी सुरू केली. रागावावं की काय करावं हे कळेना. बाजारात शिरल्यावर मी तिला माझं महिन्याचं उत्पन्न सांगितलं. ती मागून म्हणाली, "मला वाटलं होतं त्याहून जास्त आहे की." एवढंच.

जानेवारीत तिला सोडायला मी डेपोत गेलो. मोखाडा-त्र्यंबकमार्गे नाशिक. ग्रुपमधली मोखाड्याची एक बाई पुढे चढणार होती, तिचा फोन आला आणि बायकोने लगेच उचलला. माझा फोन ती इतक्या लवकर उचलत नाही. कंडक्टर सुटे मागत होता आणि तिच्याकडे पाचशेची नोट होती. मी खिसा चाचपला.

एकंदर दिलं ते असं. प्रशिक्षण देणाऱ्यांना आठ हजार दोनशे साठ रुपये पतसंस्थेने आणि तेवढेच तिने, तिच्या खात्यातून. कंडक्टरला एकाहत्तर रुपये मी, बायकांच्या अर्ध्या तिकिटाचे, खिडकीतून.