बिननावाच्या झडपा

रुपराव वायरमनला एकदा ठेच लागली आणि तो शहाणा झाला, जरा जास्तच. एका गिरणीत त्याने दिव्यांच्या तारा ओढल्या, सुबक अक्षरात नकाशा काढून दिला, आणि आठवड्याभरात घरी बसला. नकाशा हाती आल्यावर माणूस कशाला लागतो?

म्हणून १९३८ साली कळमन्याच्या वाटेवरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गॅस गळाल्याची घंटी बसवताना त्याने कानाला खडा लावला. सहा खोल्या, प्रत्येकीत एक बटन. वास आला की ते दाबायचं; ऑफिसातल्या बोर्डावर घंटी वाजून त्या खोलीची पत्र्याची झडप खाली पडायची. झडपांवर त्याने एक अक्षर लिहिलं नाही. तारा एकाच रंगाच्या, क्रम उलटसुलट. कोणती झडप कोणत्या खोलीची, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

नोकरी पक्की झाली आणि गडीही पक्का अडकला. घंटी झाली की सगळ्यांनी रस्त्यावर पळायचं आणि रुपरावने बोर्ड पाहून खोली सांगायची, असा मालक भैयाजींचा हुकूम. त्याला रजा कुठली मिळायला? सासरा वारला तेव्हा बायको गोपिका एकटीच माहेरी गेली. परत आल्यावर म्हणाली, "काहून जी, त्या बोर्डाले तुमाले बांधून ठेवलं का?"

रुपरावला तिच्याकडे बघवेना. फास आपणच विणला, हे त्याला कळत होतं.

कारकून दत्तोपंत भला माणूस. "रुपराव, नावं सांगा, मी चिठ्ठ्या डकवतो. मग चार दिवस गावी जाऊन या."

"लिवून देल्लं तं मंग मले कोन इचारते, पंत?"

सोमवारी दुपारी कोणाला न सांगता तो मागच्या थंड खोलीतलं बटन तपासायला गेला. जाड दार मागे लागलं; त्याचा आतला खटका कधीचाच मोडलेला. तेवढ्यात गॅसच्या नळाचा जोड फुसफुसला आणि डोळ्यांत तिखट गेल्यागत झालं. त्याने बटन दाबलं. लांब घंटी खणखणली. उपरणं बर्फाच्या पाण्यात भिजवून त्याने नाकाशी धरलं आणि दाराशी बसला. फार भ्यायला होता, पण आता येतीलच, असंही वाटत होतं.

दाराच्या फटीतून बाहेरची पळापळ ऐकू आली. मग दत्तोपंत ओरडले, "तिसरी झडप पडलीय! ही खोली कोणती?"

रुपरावने दारावर मुठी आपटल्या. थंडी राखायला दाराला आतून लावलेल्या बुचाच्या अस्तराने आवाज गिळला. ओरडायला गेला तर गॅसने खोकल्याची उबळच आली.

"खोली समजल्याबिगर कोनी आत जाऊ नका!" भैयाजींचा आवाज आला. "आधी रुपरावले शोधा!"

मग रस्त्यावर, विहिरीपाशी, पानठेल्यावर, सगळीकडे त्याच्या नावाच्या हाका सुरू झाल्या. त्याला एकूण एक हाक ऐकू येत होती.