उभ्या रेघांचे टायर

एकाहत्तरच्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग राजस्थानच्या बॉर्डरवर होती. आर्मी सर्व्हिस कोअर, ड्रायव्हर. काम एकच. मागच्या कॅम्पातून पाण्याचे जेरीकॅन भरायचे आणि पुढच्या कंपनीला पोचवायचे. सिव्हिलच्या माणसाला वाटतं, लढाई म्हणजे बंदूक. आमची निम्मी लढाई वाळूशी होती.

कॉन्व्हॉयमध्ये माझ्या पुढची गाडी मायाप्पाची. जत तालुक्यातला धनगर, अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायचा. मी पहिल्यापासून आडदांड. रेस देऊन वाळू फोडायला जायचो आणि ॲक्सलपर्यंत रुतायचो. मायाप्पा, म्हणजे आमचा माया, खाली उतरायचा, चारी चाकांची अर्धी हवा सोडायचा आणि मुंगीच्या पावलानं पलीकडं निघून जायचा. मागं वळून मला म्हणायचा, "मेल्लगे, गड्या. दाबलं तर वाळू गिळती. पसरलं तर उचलती." मेल्लगे म्हणजे कानडीत हळू. त्याचा बाप ओढ्याच्या वाळूतनं मेंढरं काढताना असंच ओरडायचा म्हणे.

एका दुपारी वाळूच्या तोंडाशी आम्ही थांबलो होतो. वायरलेसवर आवाज आला, "एअरक्राफ्ट. टेक कव्हर." आम्ही उड्या टाकल्या. माया मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसून हवा सोडत होता. मी घसा फाडून ओरडलो. हवेच्या फुसफुसाटात त्याला ऐकूच गेलं नाही. विमान आलं आणि गेलं. त्याची गाडी मी मागं आणली, त्यालाही आणलं, कांबळ्यात गुंडाळून.

लढाई संपली, पेन्शन झाली, कडेगावला घरी आलो, तर घरी दुष्काळ. माझा थोरला चुलतभाऊ तात्या. त्यानं एक जुनी पिकअप घेतली होती, जतच्या वाड्यांना पिंपांनी पाणी पोचवायला. ड्रायव्हर मी. टायर पार झिजले होते म्हणून आम्ही सांगलीला गेलो. दुकानदारानं दोन जाती पुढं ठेवल्या. एक लग, जाड रबरी गुटक्यांचा, चिखलात पकड धरणारा. दुसरा रिब, उभ्या रेघांचा, डांबरी रस्त्याचा.

"लग घे," तात्या म्हणाला. "मिलिटरीच्या गाडीला दातेरीच असत्यात न्हवं?"

"तात्या, चिखल बघून किती दिस झालं? जतात कोरडे ओढे हायत. वाळूत गुटका नांगरावानी खाली जातोय. रेघांचा टायर, हवा कमी केली की वर तरंगतोय."

"फौजी असून यष्टीचे टायर घालतोय! लोकं तोंडात श्यान घालतील."

"घालू देत."

वरून मी असा ताठ बोललो, पण तात्याला एक सांगितलं नव्हतं. या टायरांवर वाळू पार करायची तर हवा सोडावीच लागते. आणि त्या दुपारनंतर मी एकाही चाकाची हवा सोडली नव्हती. त्यामुळं टायर घातले रेघांचे, पण वाटेतला वाळूचा ओढा काही ओलांडला नाही. रोज लांबच्या फेऱ्यानं जायचो. तात्या डिझेलच्या नावानं शंख करायचा, मी ऐकून घ्यायचो.

मायाची वाडी त्याच ओढ्यापलीकडं. तो चाकाची हवा सोडताना गेला, हे त्याच्या घरी मीच येऊन सांगितलं होतं. एका दुपारी तात्या आणि मी पाणी घेऊन पोचलो, तर त्याची बायको शेवंता धावत आली.

"भाऊजी, आप्पा बोलंना झाल्यात."

आप्पा म्हणजे मायाचा बाप. पहाटेपासून उलट्या-जुलाब. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. कॅम्पात असे जवान बघितले होते. वेळेत सलाईन लागली तर माणूस उठतो, नाहीतर नाही. जतचा दवाखाना फेऱ्यानं गाठायचा तर संध्याकाळ. ओढ्यातनं गेलं तर तासाभराचं काम.

"फेऱ्यानंच चल," तात्या म्हणाला. "रुतलो तर म्हातारा वाळूतच जाईल, बाबा."

त्याचं चुकत नव्हतं. पण फेऱ्यात म्हातारा टिकणार नाही हे मला दिसत होतं. पिंपं वाडीत उतरवली, आप्पांना मागं घोंगड्यावर निजवलं, शेवंता उशाशी बसली. ओढ्याच्या काठाला गाडी उभी केली आणि मागच्या चाकाशी गुडघे टेकले. व्हॉल्व्ह दाबला. फुस्स आवाज सुरू झाला आणि माझी मान आपोआप वर गेली. आभाळात ढगसुद्धा नव्हता. मी विमान शोधत होतो.

"आरं, याड लागलं का? चांगल्या चाकाची हवा सोडतोय!"

"तात्या, तू आभाळाकडं बघ."

"आभाळाकडं? कशाला रं?"

"बघ म्हनतो न्हवं! कायबी दिसलं तर मला हात लाव. हाक मारू नगंस, हात लाव."

तात्याला काय कळलं कुणास ठाऊक. चारी चाकं होईपर्यंत बिचारा मान वर करून उभा राहिला.

पहिल्या गिअरात गाडी वाळूत घातली. चाकं भाकरीसारखी पसरली. मध्यावर मागचा भाग खाली बसल्यासारखा वाटला आणि माझा पाय रेसकडं सुटला. जन्माची खोड. तेवढ्यात मागून आवाज आला. पहाटेपासून न बोललेला माणूस बोलला.

"मेल्लगे, माया. मेल्लगे."

शेवंताला हुंदका फुटला. मी पाय सैल सोडला. गाडी थांबते की काय असं वाटलं. थांबली नाही. हळूहळू पुढची चाकं मुरमाला लागली, मग मागची. पलीकडं तात्यानं आणि मी आळीपाळीनं पंप मारून हवा भरली आणि जत गाठलं. सलाईन लागली.

दोन दिवसांनी आप्पा उशाला टेकून बसले. मी समोर गेलो.

"गाडी कुनी चालवली रं?"

"मी, आप्पा."

"खोटं बोलू नगंस. तू लय आडदांड. सुट्टीला आला की माया सांगायचा."

मी शेवंताकडं बघितलं. ती पदराची कड चावत खाली बघत होती.

"व्हय, आप्पा. मायानंच चालवली."

म्हाताऱ्यानं बराच वेळ मान हलवली.

"मग पलीकडं गेल्यावर हवा भरली न्हवं त्यानं?"

"भरली, आप्पा," मी म्हणालो. "चारी चाकांची भरली."