गाणं दिसायला हवं

लातूरहून निघालेली एसटी अहमदपूरला पोचेपर्यंत माझ्या बाटलीतलं पाणी संपलं. मांडीवर कॅमेरा, पायांशी स्टँड आणि डोक्यात मोबाइलवर बघून शिकलेलं दिग्दर्शन. आजवर लग्नंच चित्रित केलेली. गाण्याचा व्हिडिओ हा पहिलाच.

शेजारचे आजोबा म्हणाले, "नवा जिल्हा व्हायलाय म्हणं."

"चांगलंय की."

"चांगलंच हाय. पाटी नवी यील, टँकर जुनाच."

नांदेडला गाडी बदलून भोकर, तिथून जीपने गाव. अंग आंबून गेलं होतं. ज्यांच्या गाण्यासाठी आलो होतो, त्या अंगणवाडीत काम करणाऱ्या सुशीलाताईंनी अर्धा तांब्या पाणी दिलं. ते मी घोट घोट पुरवलं. जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी).

"गाणं मायनं जुळवलंय, जात्यावर," ताई म्हणाल्या. "म्या नुसतं गायलंय. आता तिला काईच ऐकू येत न्हाई, भाऊ. तिला गाणं दिसलं पाहिजे, एवढंच."

"दिसेल की!" मी म्हणालो.

म्हातारी लेकीच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि बरोबर उत्तर द्यायची. मी ते पाहिलं आणि आणखी येसर मागितलं.

दुसऱ्या दिवशी स्पीकरवर गाणं लावून ताईंना आटलेल्या तळ्यात पाठमोरं चालवलं. भेगांवर पदर उडवला, जात्याचा खुंटा धरलेला हात जवळून घेतला. "आणखी एकदा, ताई," म्हणत त्यांचा जीव मेटाकुटीला आणला. दुपारी कॅमेरा तापून बंद पडला. त्याच्यावर ठेवायला ओलं फडकं हवं होतं, पण पाणी मागायची लाज वाटली.

संध्याकाळी सगळं जोडून लॅपटॉपवर दाखवलं. म्हातारी शेवटपर्यंत शांतपणे बघत राहिली. मग लेकीला म्हणाली, "गाणं कवा सुरू व्हतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या व्हिडिओत ताईंचं तोंड दोनदाच होतं, तेही पदराआड.

सकाळी ऊन चढायच्या आत ताईंना ओट्यावर बसवलं, कॅमेरा समोर ठेवला आणि हात मागे बांधले. शिकलेलं सगळं आतून ओरडत होतं, हलव, बदल, काप! पण गाणं संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

म्हातारीला ते दाखवलं. दुसऱ्या कडव्याला पडद्यावरच्या लेकीबरोबर तिचेही ओठ हलू लागले. मग आवाज फुटला. चिरका, सुराला सोडून, पण शब्द सगळे जागच्या जागी. ताई उठल्या आणि त्यांनी लॅपटॉपचा आवाज बंद केला. पडद्यावर लेक ओठ हलवत होती, गात होती ती माय. मला रडू आलं. मी उगाच वायर गुंडाळत बसलो.

परतीच्या एसटीत उभ्यानेच आलो. लातूरला ज्याच्या स्टुडिओत मी काम करतो, त्या मित्राने व्हिडिओ पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "आरं, हे हलतच न्हाई की! दिग्दर्शन कुठंय ह्यात?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी आवाज बंद केला आणि गाणं त्याला पहिल्यापासून पुन्हा लावून दिलं.