बेखमीर भाकर

शालनबाई वाघचौरे यांच्या तोंडाला लगाम नाही, हे मोशीतल्या त्या इमारतीला त्या राहायला आल्यावर महिनाभरातच कळून चुकलं होतं. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापण्यात त्यांचा जन्म गेलेला. शिफ्ट सुटली की भुकेली माणसं एकदम अंगावर यायची, आणि खेकसल्याशिवाय रांग लागायची नाही. पुढे नवरा गेला, नोकरी संपली, आवाज तेवढा राहिला. तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत त्या आता चर्चच्या मुलांना धर्माचे धडे द्यायच्या.

त्यांची रीत एकच. आधी खायला घालायचं, मग अर्थ सांगायचा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्या बेखमीर भाकर करत. पीठ न आंबवता केलेली, जाड, कोरडी. सोबत कडुलिंबाचा कोवळा पाला आणि वाटीत मिठाचं पाणी. मुलं तोंडं वाकडी करायची. मग त्या सांगायच्या, की मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, आपण देवाचे लोक गुलाम होतो, ते दिवस असे कडू होते, आणि हे खारं पाणी म्हणजे त्या माणसांचे अश्रू. सुटकेची रात्र आली तेव्हा पीठ आंबायलाही सवड नव्हती, म्हणून भाकर अशी. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूनं हीच भाकर मोडून सगळ्या शिष्यांना दिली. ज्यानं त्याला धरून दिलं त्यालाही घास दिला. रविवारी मात्र गुळाच्या पोळ्या आणि उकडलेली अंडी, कारण रविवारी प्रभू मरणातून उठला.

या मुलांत तिसऱ्या मजल्यावरची सुखदाही बसायची. ती चर्चची नव्हती. तिचे आईबाप, दीपमाला आणि समाधान, परभणीकडचे. दोघंही चाकणला शिफ्टमध्ये. पोर पहिलीत गेल्यापासून शाळा सुटली की शालनबाईंकडेच असायची. त्या काय शिकवतात हे दीपमालाला ठाऊक होतं. मागच्या वर्षी याच भाकरीचा तुकडा तिनं चहात बुडवून खाल्ला होता आणि आणखी मागितला होता.

या वर्षी सुखदानं जेवताना बापाला सांगितलं, "पप्पा, आपण आधी गुलाम होतो." समाधान हसला. दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीच्या बसमध्ये त्यानं ती गंमत म्हणून सांगितली. बसमध्ये इमारतीतले दोघं होते. इमारतीत पोचेपर्यंत त्या गमतीचंच धर्मांतर होऊन 'शालनबाई पोरं बाटवतात' अशी बातमी झाली होती.

त्याच दिवशी, गुड फ्रायडेच्या दुपारी, शालनबाई चर्चमधून परत आल्या. तीन तासांची उपासना, उपास, अंगावर पांढरं लुगडं. पार्किंगमध्ये पाच-सहा पुरुष उभे होते. पुढे सोसायटीचे चेअरमन लक्ष्मणराव, जुन्या मोशीचे. त्यांच्याच शेतावर ही इमारत उठली होती, आणि ते कुणी विसरू नये याची ते काळजी घेत.

"बाई, पोरांना काय खाऊ घालता?" त्यांनी विचारलं.

"भाकरी."

"नुसती भाकरी न्हाई. तिच्यामागं काय सांगता ते आमाला कळलंय. आमच्या पोरांना गुलाम म्हणता. आन् पाला कुणाचा? त्यो लिंब माझ्या बापानं लावलाय."

"मग पुढच्या वेळी तुमच्या बापाला विचारून तोडीन," शालनबाई म्हणाल्या.

लक्ष्मणरावांचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागचा एक तरुण अंगावर धावून आला, दुसऱ्यानं त्याला आवरलं. तेवढ्यात जिन्यावरून दीपमाला खाली उतरली. शालनबाईंना वाटलं, आता ही आपल्या बाजूनं बोलेल. लक्ष्मणरावांनी तिला सरळ विचारलं, तुला हे माहीत होतं का. दीपमालानं पदर सावरला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मला न्हाई म्हाईत. मी तर ड्यूटीवर असते."

त्या एवढ्या वाक्यानं शालनबाईंचं तोंड बंद झालं. पाच-सहा पुरुषांना जे जमलं नव्हतं ते तिनं केलं.

घरात वर्ग घ्यायचा नाही, असं त्यांना बजावण्यात आलं. त्या आत गेल्या आणि कडी लावली. ईस्टरच्या पहाटे प्रार्थनेला जायला दार उघडलं, तर उंबऱ्यावर कुजका कचरा ओतलेला. कुणी टाकला ते माहीत नव्हतं. शोधायच्या फंदातही त्या पडल्या नाहीत. सगळा कचरा सुपलीत भरला, लक्ष्मणरावांच्या दारात नेऊन उपडा केला आणि हात धुऊन चर्चला गेल्या. पुनरुत्थानाची गाणी गाताना त्यांच्या आवाजात रागच होता.

चर्चच्या पाळकांनी समजावलं, की दिवस वाईट आहेत, सध्या थांबा. शालनबाईंनी त्यांनाही फटकारलं. वर्ग चालूच ठेवला. पण चर्चमधल्याच आईबापांनी भिऊन मुलं पाठवणं बंद केलं. शेवटी दोनच उरली, तीही कधी यायची, कधी नाही. लक्ष्मणरावांच्या घरचं कुणी समोर आलं की त्या थुंकायला म्हणून वळत.

जूनमध्ये शाळा उघडल्या. एका दुपारी दीपमाला सुखदाला घेऊन दारात उभी राहिली. पोरगी वाळली होती. त्या शुक्रवारपासून एकटी घरात कुलपाआड राहायची, स्वयंपाकघरात शिरली तेव्हा गॅसवर हात भाजून घेतलेला.

"मावशी, चुकलं माझं," दीपमाला म्हणाली. "त्यांच्यासमोर लई भ्याले मी. आमचं भाड्याचं घर. माफ करा."

शालनबाईंनी पोरीच्या हातावरचा डाग पाहिला. मग आईकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या मुलांना क्षमा शिकवली ती सगळी जणू ऐकायला उभी आहेत असं त्यांना वाटलं, आणि त्यानं त्या जास्तच चिडल्या.

"पोरीला आत येऊ दे," त्या म्हणाल्या. "तू बाहेरच थांब. माफ करायचं ते प्रभू करेल. त्याला जमतं. मला नाही."

सुखदा आत गेली. शालनबाईंनी दार लोटलं, तिला वरण-भात वाढला आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग तिच्या हातावर खोबरेल लावलं.

आता पोर रोज येते. दीपमाला उंबऱ्याबाहेरून दप्तर देते, "येते मावशी" म्हणते. शालनबाई दप्तर घेतात. उत्तर देत नाहीत.